अण्णांचा चीवरातला फोटो

आमच्या ओटीवर, माजघराच्या दाराच्या वर, अण्णांचा लहानपणचा एक फोटो होता आणि त्याला हात लावायची परवानगी खुद्द अण्णांनाही नव्हती. तो हक्क आत्याचा. सकाळचा चहा झाला की ती स्टूल ओढायची, पदर कमरेला खोचायची, वर चढायची आणि ओल्या फडक्यानं काच पुसायची. शेजारी बुद्धाची तसबीर होती. ती पुसताना आत्या ओठांतल्या ओठांत वंदना म्हणे. अण्णांचा फोटो पुसताना मात्र त्याला दम भरी. "उगा तोंड फुगवू नको. सरळ बघ." मग खाली उतरून लांबून एकदा बघायची, स्टूल जागेवर सरकवायची आणि पाट्यापाशी जाऊन बसायची. वरवंटा घासायला लागला की आमच्या घराचा दिवस सुरू झाला. मी तेव्हा नववीत होते. भावावर इतकी माया करणारी बहीण अख्ख्या तळा पंचक्रोशीत नसेल असं मला वाटे. फक्त ती खऱ्या भावाशी दिवसभर भांडायची आणि माया सगळी फोटोवर करायची, याचं कोडं काही सुटत नव्हतं.

फोटोत आठ-नऊ वर्षांचं पोर. डोकं तुळतुळीत, कान चेहऱ्याला न शोभणारे, दोन्ही खांद्यांवरून चीवर घेतलेलं आणि ओठ गच्च आवळलेले. छातीखालचं काहीच दिसायचं नाही, कारण आजोबांनी फ्रेम करताना आत जाड पुठ्ठा बसवून घेतला होता आणि त्या पुठ्ठ्याच्या गोल खिडकीतून पोर तेवढं बाहेर डोकवायचं. ओटीवर जो कोणी टेकेल त्याला अण्णा त्या खिडकीकडे बोट करून सांगत, "गावातला पहिला श्रामणेर. मी." मग तो शाळा तपासायला आलेला साहेब असो, नाहीतर चिंचा विकायला आलेली बाई असो. चिंचवाली बिचारी हात जोडून म्हणे, "व्हय का गुरुजी," आणि टोपली पुढे करी.

आता हे वाचणाऱ्या एखाद्याला श्रामणेर म्हणजे काय ते ठाऊक नसेल, तर सांगते. आमची माणसं बौद्ध झाल्यावर दोन-तीन वर्षांतच आमच्या गावात पहिलं शिबिर भरलं होतं. मुलांनी मुंडण करायचं, चीवर म्हणजे भिक्खूचं वस्त्र नेसायचं, दहा शीलं घ्यायची आणि काही दिवस विहारात भंतेजींच्या सोबत भिक्खूसारखं राहायचं. सकाळी पात्र घेऊन गावात भिक्षा मागायची आणि दुपारी बारानंतर अन्नाचा कण तोंडात घालायचा नाही. सगळ्यात मोठी गंमत म्हणजे तेवढे दिवस आईबापांनी पोराच्या पाया पडायचं आणि त्याला नावानं हाक न मारता भंते म्हणायचं. आदल्या दिवशी ज्याला कान धरून आंघोळ घातली, त्यालाच दुसऱ्या दिवशी वाकून नमस्कार. गावातल्या प्रत्येक घरात असा एक तरी फोटो होता. आणि सगळे फोटो सारखेच होते.

आमचं घर म्हणजे आवाजाचं घर. अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. घरीसुद्धा ते वर्गात असल्यासारखे बोलत, शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असं. आई चुलीशी बसून त्यांना तितक्याच जोरात "हो हो, ऐकलं" म्हणे. आत्या अण्णांहून दोन वर्षांनी मोठी, नाव सगुणा. तिला रेवसकडे दिली होती. नवरा लवकर गेला, आणि ती एक ट्रंक आणि सुकट भाजायची एक खास रीत घेऊन परत आली. ती लोखंडी तव्यावर कोरडी सुकट टाकायची, वर ठेचलेला लसूण, आणि पार शेवटी कोकम. तो वास सुटला की गल्लीतली मांजरं आणि शेजारचे सीतारामकाका एकाच वेळी आमच्या ओटीवर हजर होत. सीतारामकाका तळ्याच्या कचेरीत शिपाई होते आणि अण्णांचे बालमित्र होते. म्हणजे रोज संध्याकाळी आमच्याकडे तांदळाची भाकरी खाता खाता अण्णांचं बोलणं खोडून काढणं हा त्यांचा नेम. त्यांच्या घरीही चीवरातला फोटो होता, आणि त्यांचंही म्हणणं होतं की गावातला पहिला श्रामणेर तेच.

या भांडणावर दोन पिढ्या हसल्या असत्या आणि विषय संपला असता. पण मधेच नवं विहार झालं. जुनं मातीचं, कौलारू होतं. मुंबईत नोकरीला असलेल्या आमच्या गावकऱ्यांनी पुढाकार घेऊन स्लॅबचं बांधलं. उद्घाटनाला मुंबईहून मोठे भंतेजी येणार होते, आणि विहाराच्या कमिटीनं ठरवलं की आतल्या एका भिंतीवर गावातल्या सगळ्या श्रामणेरांचे फोटो लावायचे, पहिल्या शिबिरापासून ओळीनं. कल्पना फार सुंदर. पण एकाही फोटोमागे वर्ष लिहिलेलं नव्हतं. माझा नातू आज मला सांगतो, "आजी, फोटोवर बोट ठेव, तारीख येते." अरे बाबा, आमच्या वेळी फोटोवर बोट ठेवलं तर पाठीत धपाटा यायचा.

काम अण्णांकडे आलं. आलं कसलं, अण्णांनी ओढून घेतलं. आठवडाभरात आमच्या ओटीवर फोटोंचा ढीग पडला. कुणाचा फ्रेममधला, कुणाचा बिस्किटाच्या डब्यातला, एकाचा तर पत्र्याच्या ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवलेला. त्या घरच्या म्हातारीनं झाकणच बिजागऱ्यांसकट आणून दिलं. तुळतुळीत डोकी आणि चीवरं, चीवरं आणि तुळतुळीत डोकी. मी नावं लावायचा प्रयत्न केला आणि तासाभरात माझेच डोळे फिरले. एका फोटोवर तर दोन बायकांनी हक्क सांगितला. दोघी म्हणायच्या, हा माझाच. एक म्हणे, "मी आई हाय, मला वळखता येत न्हाय व्हय?" दुसरी म्हणे, "मंग मी कोन, शेजारीन?" शेवटी तो पोरगा, जो एव्हाना दोन मुलांचा बाप होता, मुंबईहून सुट्टीला आला, त्यानं फोटो हातात घेतला, बराच वेळ निरखला आणि म्हणाला, "मी न्हाय ह्यो." मग दुसरीचा मुलगा आला. तोही म्हणाला, "मी पन न्हाय." तो फोटो कोणाचा ते आजतागायत कळलेलं नाही.

अण्णा चेहऱ्यांच्या नादी लागलेच नाहीत. "चेहरा फसवतो," ते म्हणाले, "वस्त्र फसवत नाही." त्यांनी शाळेतला गुंडाळी फळा घरी आणला आणि ओटीच्या खांबाला टांगला. संध्याकाळी गावकरी जमत, अण्णा छडीनं फोटो दाखवत आणि शिकवत. पहिल्या शिबिराला चीवरं घरीच रंगवली होती. मांजरपाट आणलं, हंड्यात तांबडी काव आणि हळद उकळली आणि गावच्या बायकांनी काठीनं ढवळून कापड बुडवलं. रंग कुठे बसला, कुठे बसलाच नाही. काळ्या-पांढऱ्या फोटोतसुद्धा त्या चीवरांवर ढग आल्यासारखे डाग दिसत. "डाग म्हणजे पहिलं शिबिर," अण्णांनी फळ्यावर लिहिलं. दुसऱ्या शिबिराला जे भंतेजी आले ते थायलंडला शिकून आलेले. तिथल्या रिवाजाप्रमाणे त्यांनी डोक्याबरोबर पोरांच्या भुवयाही काढून टाकल्या. म्हणून भुवया नसतील तर दुसरं शिबिर. दोन बायकांच्या भांडणातलं ते बेवारशी पोर त्याच वर्षीचं, म्हणून कुणालाच ओळखू येत नव्हतं. तिसऱ्या शिबिरापासून मुंबईहून टेरिकॉटची तयार चीवरं आली. ती चकाकत, त्यांच्या घड्या मोडत नसत आणि ती खांद्यावर ठरत नसत. त्यामुळे तिसऱ्या वर्षीच्या प्रत्येक पोरानं छातीशी चीवर मुठीत गच्च धरलेलं.

मला अण्णांचा खरंच अभिमान वाटला. डागांवरून, भुवयांवरून, मुठीवरून फोटो भराभर जागेवर बसत गेले. लोक मान डोलवत. आई चहा आणून ठेवी आणि दोन मिनिटं उभी राहून बघे. फक्त आत्या त्या सभेत बसत नसे. ती माजघरात पाट्यावर काहीतरी वाटत असे, आणि अण्णा "पहिलं शिबिर" म्हणाले की तिचा वरवंटा जरा जोरात घासायला लागे. डाग असलेले फोटो अवघे दोन निघाले, अण्णांचा आणि सीतारामकाकांचा. बाकीच्यांचे एक तर वाळवीनं खाल्ले होते किंवा काढलेच नव्हते. आता भिंतीवरची पहिली फ्रेम कोणाची, हा प्रश्न उरला.

"माझा फोटो दीक्षेच्या दिवसाचा," अण्णा म्हणाले. "रांगेत पहिला मी होतो."

"रांगेत पहिला मी व्हतो," सीतारामकाका म्हणाले. "तू माझ्या मागं उभा ऱ्हाऊन रडत व्हतास. वस्तरा बघून."

"मी रडत नव्हतो. डोळ्यात साबण गेला होता."

"मुंडनाआधी?"

लोक पोट धरून हसले. अण्णा काही हार मानणारे नव्हते. पुढच्याच रविवारी ते तळ्याला गेले. तिथे मुक्कामाला आलेल्या एका भंतेजींना विचारून आले आणि संध्याकाळी फळ्यावर मोठ्या अक्षरात नवा नियम लिहिला. विहारात, वंदनेच्या वेळी, चीवर डाव्या खांद्यावर असतं आणि उजवा खांदा उघडा. गावात भिक्षेला निघताना मात्र दोन्ही खांदे झाकायचे. "म्हणजे," अण्णांनी छडी आपटली, "खांदा उघडा तर दीक्षेचा दिवस. खांदे झाकलेले तर भिक्षेची सकाळ, म्हणजे दुसरा दिवस. वादाला जागाच नाही."

सीतारामकाकांनी आपला फोटो मांडीवर घेतला. उजवा खांदा स्वच्छ उघडा, हाडंसुद्धा मोजून घ्यावीत. मग ते मान वर करून आमच्या माजघराच्या दाराकडे बघायला लागले. त्यांच्या मागून सगळी ओटी बघायला लागली. वर पुठ्ठ्याच्या खिडकीत ते पोर दोन्ही खांदे झाकून ओठ आवळून उभं होतं. वरवंटा थांबला.

"मंग आत्माराम?" काका फार गोड आवाजात म्हणाले. "वादाला जागाच न्हाय?"

अण्णांचा चेहरा मी आजही विसरलेले नाही. आधी ते लाल झाले, ते हरल्यामुळे. ते मी समजू शकत होते. पण मग ते हळूहळू पांढरे पडत गेले आणि ते कशामुळे ते कोणालाच कळलं नाही. त्यांनी फळा गुंडाळला, "आज एवढंच" म्हणाले आणि आत गेले. त्या संध्याकाळी ताटात सुकट होती तरी त्यांनी दोन घासांत हात धुतले. असं आमच्या घरात कधी झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कमिटीचा निरोप आला की फोटो पेंटरकडे द्यायचेत, खाली नावं घालायला. पहिला सीताराम, दुसरा आत्माराम. अण्णा स्टुलाकडे वळले तशी आत्या दारात आडवी झाली.

"फोटो हलनार न्हाय."

"अगं आक्का, विहारात लागणार आहे. मान आहे तो."

"मान तू घे. दुसरा काढ. आत्ताच्या टकलाचा काढ. ह्यो घरातून जायाचा न्हाय."

"निदान काच तरी पुसून घेऊ दे आतून."

"काचेला चिकटलाय. उघडलास तर फाटंल."

अण्णांचा मास्तरी आवाज चढला, आत्याचा त्याहून चढला, आणि आई मधे उभी राहून दोघांनाही "शेजारी ऐकतायत" म्हणत राहिली. शेजारी ऐकत नव्हते, शेजारी ओटीच्या पायरीवर येऊन बसले होते. त्यानंतर दोन दिवस आत्यानं स्वयंपाकाचा सूड उगवला. वालाच्या बिरड्यात मीठ इतकं की अण्णांनी पाण्याचा तांब्या जवळ घेऊन जेवण केलं. मला आत्याचा राग आला होता. अण्णांनी एवढी मेहनत केली, दुसऱ्यांचे फोटो लागणार आणि आमच्याच घरचा नाही, हे मला सहन होत नव्हतं. मी तिला तसं तोंडावर म्हटलंही. ती म्हणाली, "सुमे, तू तुझा अभ्यास कर."

आत्या बाजाराला तळ्याला गेली, तेव्हा संधी आली. एसटीचा हॉर्न वळणावर विरला आणि अण्णा उठले. त्यांनी फोटो खाली काढला, चटईवर पालथा ठेवला आणि मागचे खिळे पकडीनं एकेक उपसले. आई आणि मी दोन बाजूंना. फोटो काचेला मुळीच चिकटलेला नव्हता. अण्णांनी पुठ्ठा अलगद उचलला आणि एवढी वर्षं झाकलेलं अर्धं पोर आमच्यासमोर आलं.

पात्र एका हातात. चीवरावर ढगांसारखे डाग. पाय अनवाणी. दोन्ही खांद्यांवरून चीवर नीट पुढे घेतलेलं आणि त्याचं टोक डाव्या कमरेला गच्च खोचलेलं. कोपऱ्यात, पोराच्या समोर, कुणीतरी वाकलेलं दिसत होतं. डोक्यावरचा पदर आणि जोडलेले दोन हात, बांगड्या भरलेले. बाकीची ती बाई फोटोच्या बाहेर राहिली होती.

आई वाकून बघत होती. ती आणखी वाकली. मग तिनं तोंडाला पदर लावला, तिचे खांदे हलायला लागले आणि ती भिंतीला टेकून खालीच बसली. "अहो," तिला शब्द फुटेनात, "अहो, तुमच्या भंतेंनी पदर खोचलाय!"

मी पुन्हा बघितलं. खरंच की. जगातला कुठलाही मुलगा तसं वस्त्र घेणार नाही. सगळ्या फोटोंतली पोरं एक तर मुठीत धरतात, नाहीतर निसटू देतात. आणि हे असं घेणं, असं खोचणं मी रोज सकाळी स्टुलापाशी बघत होते. मी वर बघितलं तर दारात आत्या. बाजाराला जाणं तिला त्या दिवशी काही रुचलं नसावं, पुढच्याच थांब्यावर उतरून चालत आली होती. पिशवी रिकामी.

"उघडलात ना?" ती म्हणाली. "उघडलात. आता बसा."

अण्णा बसलेलेच होते. ते फोटोवरून नजर न काढता म्हणाले, "आक्का, त्या सकाळी मी घरी होतो गं. त्या संध्याकाळी सगळे वर फोटोकडे बघायला लागले तेव्हाच मला आठवलं. मी भिक्षेला गेलोच नव्हतो."

"कसा जाशील? परसाकडनं आलास तर जाशील ना."

मग ते सगळं बाहेर आलं, अर्धं आत्याच्या तोंडून, अर्धं अण्णांच्या. दीक्षेच्या दिवशी दुपारनंतर भंतेजींनी पोरांना लिंबाच्या पाण्याखेरीज काही दिलं नाही. संध्याकाळ झाली. आमचं घर विहाराला लागून, आणि आजीनं चुलीवर सुकट टाकली. छोटे भंते विहाराच्या मागच्या दारानं बाहेर पडले, घरात शिरले आणि भाताची अख्खी तपेली सुकटीबरोबर संपवून तिथेच आडवे झाले. सकाळ उजाडली ती पोटात कळ घेऊन. इकडे विहारातून भिक्षेची रांग निघालेली, मुंबईकरांनी आणलेला फोटोवाला पुढे धावतोय, आणि हे सगळं शिबिर गावात आणणारे आमचे आजोबाच. त्यांचंच पोर परसाकडं बसलेलं. आजोबांनी एकदा अण्णांकडे बघितलं आणि एकदा आत्याकडे. आत्या तेव्हाच विषमज्वरातून उठली होती. त्या आजारात तिचं डोकं भादरलं होतं आणि बोटभर केस आले होते. आजोबांनी आपल्या दाढीच्या वस्तऱ्यानं तेही काढले.

"बा म्हनाला, मान खाली घालून चाल, पायाकडं बघ, कुनाच्या तोंडाकडं बघू नको. ते बाकी बरं, तसाच नियम व्हता. सगळीच पोरं पायाकडं बघत व्हती, मला कोन बघतोय? चीवर नेसवायला बाला येईना, मग आयनं नेसवलं. तिला जसं येतं तसं." आत्यानं कमरेला हात लावून दाखवलं. "मी परसातनं जाऊन रांगेच्या शेवटी लागले. सगळा गाव हिंडले. ज्या बाया मला पान्याला जाताना हाका मारायच्या त्या माझ्या पाया पडल्या. मंग आपलं दार आलं."

अण्णांनी फोटो उचलून मांडीवर घेतला.

"आय भात घेऊन उभी. पात्रात वाढलन् आन वाकली. मी म्हनले, आये, मी सगुना. तर वाकल्या वाकल्या म्हनते, 'ठाऊक हाय. गप ऱ्हा. सरळ बघ.' तवा फोटो निघाला." आत्यानं फोटोच्या कोपऱ्यावर, त्या जोडलेल्या हातांवर, बोट टेकवलं. "आयचा दुसरा फोटो न्हाय रे आत्माराम. येवढीच हाय ती. बानं पुठ्ठ्याखाली घातली. माझा खोचलेला पदर झाकायला तिला बी झाकली. मला ठाऊक व्हतं तिथं खाली हाय म्हनून."

मला एकदम रडू फुटलं. एवढी वर्षं रोज सकाळी ती कोणाला पुसत होती, ते आत्ता कळलं. आईही डोळे पुसत होती, पण मधेच तिला पदर आठवे आणि पुन्हा हसू येई, आणि तिच्या त्या हसण्यानं आत्याही हसायला लागली. अण्णांना तेवढं हसू येईना. आजोबांनी त्यांना त्याच दिवशी दुपारी परत विहारात नेऊन बसवलं होतं, बाकीचे सगळे दिवस त्यांनी नीट केले होते, आणि फोटो आदल्या दिवशीचा असं सांगितलं होतं. त्यांनी ते मानलं. त्यात त्यांची काय चूक?

"तुझं नाव घाल खाली," आत्या शेवटी म्हणाली. "गावात उगा हसं नको. पन फोटो घरी ठेव." अण्णांनी तळ्याच्या स्टुडिओत नेऊन फोटोची नक्कल करून घेतली, मोठी, पुठ्ठ्याशिवाय. घरचा फोटो परत दारावर लागला, तोही पुठ्ठ्याशिवाय. तो आता माझ्याकडे आहे, आणि गुडघे दुखत असले तरी स्टुलावर मीच चढते. सुनेला ते आवडत नाही.

उद्घाटनाच्या दिवशी नवं विहार माणसांनी भरून गेलं. अगरबत्त्या, नव्या चुन्याचा वास, पोरांची रडारड, मुंबईकरांच्या बायकांच्या नव्या साड्या. भिंतीवर फोटोंची ओळ. पेंटरनं नावं घातली होती, फक्त दुसऱ्या फ्रेमवर अण्णांनी रुमाल टाकून ठेवला होता. वंदना झाली, मोठे भंतेजी आसनावर बसले आणि अण्णा छडी घेऊन उभे राहिले. त्यांनी डाग सांगितले, भुवया सांगितल्या, मुठी सांगितल्या. बेवारशी पोराची गोष्ट सांगितली तेव्हा भंतेजीसुद्धा हसले. मग ते दुसऱ्या फ्रेमपाशी आले आणि थांबले. आत्या बायकांत मागे बसली होती, खाली बघत.

"इतकी वर्षं मी सांगत आलो की हा मी आहे," अण्णा म्हणाले. आवाज मास्तरांचा राहिला नव्हता. "हा मी न्हाय. मी त्या सकाळी घरी व्हतो. आदल्या संध्याकाळी सुकट खाल्ली व्हती." त्यांनी रुमाल ओढला. खाली रंगवलेलं होतं: सगुणा.

मग सीतारामकाका ताडकन उठले. "मला तवाच वाटलं व्हतं! ह्यो येडा रांगेत माझ्या टाचेवर पाय द्यायचा, त्या दिवशी एकदा बी दिला न्हाय!" आणि जे हसू फुटलं ते थांबेना. बायका एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. म्हाताऱ्या "अगो बाई, मी पन पाया पडलेली हिच्या!" म्हणून कपाळाला हात लावत होत्या. भंतेजींनी हसू आवरून विचारलं, "गुरुजी, पोट बरं झालं का?"

अण्णा हसले नाहीत. छडी भिंतीला लावून ते बायकांमधून वाट काढत मागे गेले. गावचे मास्तर, डोक्यावर टोपी, इस्त्रीचा सदरा. आत्याच्या समोर त्यांनी गुडघे टेकले, हात जोडले आणि वाकले.

"वंदामि भंते."

हसणं विरलं. आत्या गोंधळली. तिनं इकडे बघितलं, तिकडे बघितलं, कुणीच मदत करेना. मग तिनं पदर दोन्ही खांद्यांवरून पुढे घेतला, कमरेला खोचला, ताठ बसली आणि भावाच्या डोक्यावर हात धरला.

"सुखी होतु," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "आन आज दुपारनंतर जेवायचं न्हाय. सांगून ठेवते."

अण्णा खरंच जेवले नाहीत. संध्याकाळी ते ओटीवर लिंबाचं पाणी घेऊन बसले होते आणि आत माजघरात आत्या मुद्दाम सुकट भाजत होती.